कंदिलाची रेघ

रंगा गेला ही बातमी किराणा दुकानदाराने सायकलवर आणली, कारण गावात फोन त्याच्याकडे आणि आमची वस्ती पुणतांब्यापासून लांब. श्रीरामपूरला आपल्या फोटो स्टुडिओत, स्टुलावर बसल्या बसल्या माझा धाकटा भाऊ गेला. मी बाजरी पाखडत होते. दुकानदार म्हणाला, "आक्का, सूप ठेवा खाली." मी सुपात होती तेवढी पाखडून संपवली आणि मग उठले. लोकांना ते विचित्र वाटलं. वाटू दे. तेवढी बाजरी संपेपर्यंत तो माझ्यापुरता गेला नव्हता.

त्याच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला बरीच माणसं आली. रंगा फार गरीब स्वभावाचा होता, असं दोघं-तिघं उभं राहून बोलले. तो गरीब स्वभावाचा नव्हता. हट्टी होता, जेवताना एक शब्द बोलत नसे, आणि भाजीत मीठ कमी असलं तर ताट तसंच सरकवून उठत असे. त्याचं लग्न झालं नाही. का, ते मी इथं लिहिणार नाही. नवरा वारल्यावर मी माहेरी परत आले तेव्हा वडील नुकतेच गेले होते. तेव्हापासून घरात आम्ही दोघंच. मी चौथी शिकलेली, तो मॅट्रिक. दिवसा तो लग्नांचे आणि फॉर्मवर चिकटवायचे फोटो काढी. त्याला स्वतःला काढायचे असत ते आभाळाचे. वीज गेली की सगळं गाव शिव्या देई आणि हा खुशीत कॅमेरा घेऊन अंगणाबाहेर जाई. उजेड नसला की तारे जास्त, एवढंच त्याचं गणित.

गेल्या हिवाळ्यात त्याच्या डोक्यात आलं की आपलं घर आणि वरचे तारे एका फोटोत पाहिजेत. ते सरळ होत नाही. कॅमेऱ्याची झडप दहा आकडे मोजेपर्यंत उघडी ठेवली तर दारातला कंदील, भिंत, ओटा नीट येतो आणि आभाळ काजळीसारखं काळं. अर्धा तास उघडी ठेवली तर तारे सरकत सरकत रेघा ओढतात, पण कंदील तसाच दारात ठेवला तर घराच्या जागी नुसता पांढरा डाग. म्हणून स्टँड न हलवता दोन फोटो घ्यायचे. आधी कंदील दारात लावून घराचा, मग कंदील आत नेऊन ताऱ्यांचा. "आक्का, आता अर्धा तास भाईर यायचं न्हाई," त्याने बजावलं. मी आत बसले. थंडी अशी की भिंतीला पाठ लावता येईना, आणि हा माणूस बिनकानटोपीचा अंगणापुढच्या पाण्याच्या पाटापलीकडे उभा. मी चहा केला, एका हातात कप आणि एका हातात कंदील घेऊन त्याच्याकडे गेले.

"लई शहाणी हायेस! सगळा फोटू घालवला!"

"मग मर गारठून," मी म्हणाले, आणि तो चहा तिथंच उभी राहून मी प्याले. त्याने नवा अर्धा तास मोजला. माझ्यामुळे बिघडलेल्या फोटोचं काय केलं, असं मी पुढे एकदा विचारलं. "कचऱ्यात," तो म्हणाला.

स्टुडिओत उंदीर वायरी कुरतडत, म्हणून त्याने कॉम्प्युटर घरी पुढच्या खोलीत ठेवला होता. निगेटिव्ह त्यात उतरवून घ्यायची, आणि मग एकावर एक फोटो ठेवायचे, पोळीच्या पदरांसारखे. तो त्यांना लेअर म्हणे. वरच्या लेअरमधलं घर ठेवायचं आणि त्याचं काळं आभाळ पुसत जायचं, म्हणजे खालचे तारे दिसू लागतात. छपराच्या कडेला तो दोन-दोन दिवस अडे. बाजूला एक यादी असते, तीत प्रत्येक लेअरपुढे एक छोटा डोळा. तो दाबला की डोळा मिटतो आणि तेवढा लेअर जातो. पुन्हा दाबला की येतो. हे माझं काम. जवळून बघून कळत नाही म्हणून रंगा मागच्या भिंतीला टेकून उभा राही आणि मी खुर्चीत बसून डोळे उघडमीट करी. "मिट... उघड... मिट गं, झोपलीस का?" मशीन सुरू करणंही माझ्याकडेच, कारण त्याला जागं व्हायला वेळ लागे आणि तेवढ्यात रंगाचे हातपाय धुऊन होत.

फाल्गुनात तो फोटो पुरा झाला. दारात कंदील, आणि छपरावर ताऱ्यांच्या गोल गोल रेघा. तो भिंतीशी उभा राहून म्हणाला, "कसा हाय?"

मला आवडला होता. पण मी म्हणाले, "असं कधी दिसलंच न्हाई. तारे होते तवा दारात दिवा नव्हता. खोटं हाय."

"घर आपलंच हाय ना? रात बी तीच."

"तरी खोटं."

त्या दिवसापासून त्याने मला डोळे मिटायला बोलावलं नाही. मी पाठमोरी भाकरी थापत असताना एकटाच बसे. मी गेले की पडद्यावर दुसरंच काही आणी, कुणाच्या तरी नवरीचा फोटो. शब्द मागे घेणं मला जमत नाही. उद्या बोलू, असं करत दोन महिने गेले आणि मग तो दुकानदार सायकलवर आला.

गेल्या आठवड्यात स्टुडिओची जागा घेणारा माणूस कॉम्प्युटर मागायला आला. "आतलं सगळं पुसून नवीन करून घेतो," म्हणाला. मी त्याला रविवारी ये म्हणाले. एकच बघायचं होतं. माझ्या बोलण्यावर रंगाने तो फोटो टाकून दिला की ठेवला? शनिवारी दुपारी दार लावून मी बटण दाबलं. घराचा फोटो मला जागच्या जागी सापडला. बाजूच्या यादीत मला दोन डोळे माहीत होते. आता तिथं तीन जागा होत्या, आणि सगळ्यात वरचा डोळा मिटलेला.

मी तो उघडला.

दारापासून एक पिवळी रेघ निघाली होती. पावलागणिक वरखाली होत अंगणातून आलेली, पाटाशी मी पाय कुठे टाकावा म्हणून कंदील उंच धरला होता तिथं उंच चढलेली, पुन्हा खाली उतरून थेट कॅमेऱ्याच्या पुढ्यात आलेली. मी त्यात कुठेच नाही. चालणारं माणूस असल्या फोटोत उमटत नाही, नुसता दिवा उमटतो. रेघेच्या दोन्ही बाजू त्याने इतक्या बारीक पुसल्या होत्या की एकही तारा दुखावला नव्हता. हे एका दिवसाचं काम नाही. कचऱ्यात टाकला म्हणाला होता...

रविवारी तो माणूस टेम्पो घेऊन आला. मशीन द्यायचं नाही, असं मी त्याला दारातच सांगितलं.

आता वीज असली की मी ते सुरू करते. डोळा उघडते, उठून मागच्या भिंतीशी जाते आणि टेकून बघते. मग परत खुर्चीशी येऊन मिटते, पुन्हा भिंतीशी जाते. एवढ्याशा खोलीत गुडघे दुखून येतात. हे काम दोघांचं आहे.