ज्याचा राग, त्याच्या शेजारी

मुरारच्या चर्चमध्ये संत फ्रान्सिसच्या वाटेनं चालू पाहणारी आम्हा संसारी माणसांची एक मंडळी होती. महिन्यातून एकदा जमायचं, प्रार्थना करायची, एकमेकांची विचारपूस करायची. नव्यांना घडवायचं काम एका बाईंकडे होतं. शिकवणं म्हणाल तर फारसं नाहीच. "मतलब, ज्याचा राग आलाय ना, त्याच्याच शेजारी बसायचं," एवढंच सांगायच्या, आणि स्वतः तसंच करायच्या. त्यामुळे त्या सतरंजीवर शेजारी येऊन टेकल्या की मनात यायचं, बाई गं, माझं काय चुकलं!

मग राजधानी भोपाळला हलली, सरकारी कचेऱ्या तिकडे गेल्या, आमची निम्मी माणसंही गेली. उरलेल्यांत जवळच्या पडाव वस्तीतली हिंदी बोलणारी मंडळी मिसळली. पहिल्याच बैठकीत बाई ठसक्यात म्हणाल्या, "इथे प्रार्थना मराठीतच होते." पुढल्या महिन्यात ना पडावच्या म्हाताऱ्या अम्माजी आल्या, ना त्यांची माणसं. आता मोडलीच मंडळी, असं मला वाटलं.

बाई त्या दिवशी कोपऱ्यात एकट्याच बसल्या.

"आज कुणाशेजारी नाही?" मी विचारलं.

"मतलब, आज माझाच राग आलाय," म्हणाल्या, आणि उठून तडक पडावला गेल्या. तिथे काय बोलल्या, देव जाणे.

पुढल्या महिन्यात अम्माजी दारात दिसल्या, मागे पडावचे सगळे. एवढी सतरंजी रिकामी, पण त्या थेट बाईंना खेटून बसल्या.

"गुस्सा अभी गया नहीं है," त्या म्हणाल्या.

बाईंनी हिंदीत प्रार्थना सुरू केली. अडखळल्या तिथे अम्माजी शब्द सांगत गेल्या.