दगडी पाळीखालची वाम

गोमाजीने आयुष्यभर पाण्याखाली डोळे मिटूनच काम केलं. हिंगणीच्या पुढे, जंगलाच्या कडेला एक तलाव आहे. त्याच्या दगडी पाळीपाशी, म्हणजे बांधापाशी, पाणी छातीइतकंच. तिथे तो श्वास रोखून बुडी मारायचा आणि दगडांच्या कपारीत हात घालायचा. जाळं नाही, गळ नाही. बोटांना आधी शेवाळ लागायचं, मग शिंपल्याची धार, मग झिंग्याच्या मिशा. मरळ हाताखाली जड होऊन थांबते. वाम मऊ असते, दोरीसारखी, पण बोट उलटं फिरलं की तिच्या पाठीचे काटे कातडी फाडतात. गोमाजीच्या उजव्या हातावर तशा बारीक पांढऱ्या रेघा आहेत.

दिवसाचा पहिला मासा हाती लागला की सोडून द्यायचा, हा त्याच्या बापाचा नेम. कारण बापाने सांगितलं नाही, याने विचारलं नाही. घरी चुलीवर माशाची वाट पाहत पाणी उकळत असायचं तेव्हाही नेम मोडला नाही.

"मंग आधी दुसराच धरत जा न," त्याची बायको सखू म्हणायची. आणि वाम आणली की काटे काढता काढता त्यालाच शिव्या घालायची. तिला वामेचं कालवण फार आवडायचं.

सखू जाऊन अकरा वर्षं झाली. तेव्हापासून गोमाजी पाण्यात उतरला नव्हता.

या मे महिन्यात नात सोनम गावी आली. ती वर्ध्याला कॉलेजात प्राणिशास्त्र शिकते. गावाची जैवविविधता नोंदवही तयार होत होती आणि माशांची पानं तिच्याकडे होती. डोळ्यांवर पोहण्याचा चष्मा बांधून, पाण्यात चालणारा कॅमेरा घेऊन ती चार सकाळी पाळीकडेने फिरली. सोमवारी वही समितीकडे जमा करायची होती. शनिवारी अंगणात बसून तिने आजोबाला यादी वाचून दाखवली.

"वाम काऊन नाई लिहली?"

"दिसलीच नाई, आजा. फोटो पाह्यजे."

"बा, तुमच्या जमान्यातली गोष्ट हाय ते," गोमाजीचा मुलगा नागेश जाळं विणता विणता म्हणाला. "आता सारी ते बाहेरून आलेली तिलापीच."

"तू जाळं टाकतो अन् काठावर चहा पेतो. कपारीत कोन राह्यते, तुले का मालूम?"

"मले कपार मालूम नाई. पन तुमचे गुडघे मालूम हायेत."

गोमाजी हसला नाही. वहीत नाव नसलं की काही वर्षांनी वाम इथे कधी नव्हतीच, असं होणार. मग तो काय धरत होता, सखू काय शिजवत होती?

रविवारी सकाळी तो सोनमसोबत पाण्यात उतरला. तिने आपला चष्मा त्याच्या डोळ्यांवर बांधला. सत्तरी ओलांडल्यावर त्याने पाण्याचं आतलं अंग पहिल्यांदा पाहिलं. सगळं हिरवट, ढवळलेलं. तो ज्या घरात जन्मभर वावरला होता, तिथे ओळखीचं काहीच नव्हतं. एक मासा समोरून गेला.

"मरळ," तो वर येऊन म्हणाला.

"आजा, तिलापी होती ते."

त्याने चष्मा काढला. "घे बापा. यानं मले काईच दिसत नाई."

मग डोळे मिटून त्याने बुडी मारली. सोनम कॅमेरा धरून शेजारी. चौथ्या बुडीला, एका चपट्या दगडाखाली, बोटांवरून मऊ दोरी सरकली. त्याने ती मुठीत घेतली, बाहेर ओढली. गाळ उठला. कॅमेऱ्यात फक्त गाळ आला.

तो रिकाम्या हाताने वर आला.

"लागली?"

"लागली."

"मंग कुठी हाय?"

गोमाजी तळहाताकडे पाहत राहिला. "पहिली होती."

"आज बी सोडली, आजा?"

"म्या नाई सोडली. हाताले ते सवय हाय."

त्यानंतर तीनदा त्याने दगड चाचपले. काही लागलं नाही. श्वास पुरेना, तेव्हा तो पाळीवर बसला. "राहू दे. नको लिहू."

 सोनमने चष्मा आणि कॅमेरा त्याच्या मांडीवर ठेवला.

"कोन्ता दगड?"

"चपटा. डोये मीट. बोटं ढिली ठेव. डोक्याकडून शेपटीकडे नेजो, उलटं नको."

ती पुन्हा पुन्हा बुडत राहिली. शेवटी वर आली ती बोट तोंडात धरूनच. बोटावर रक्ताची बारीक रेघ होती. गोमाजीने ती पाहिली.

"सुटली," ती म्हणाली. "पन हाय, आजा. मऊ हाय."

काठावर हात पुसून तिने वही उघडली. वामेच्या पुढे फोटोच्या रकान्यात आडवी रेघ मारली. बाजूला लिहिलं: दोघांनी हाताने ओळखली, पाळीखालचा चपटा दगड. खाली दोन नावं.

"वाच बरं," गोमाजी म्हणाला. तिने वाचलं. त्याने पुन्हा वाचायला लावलं.

"घेतीन का ते?"

"ठाऊक नाई. इचारतीन, फोटो काऊन नाई."

"मंग इथी घेऊन येजो त्याईले," गोमाजी म्हणाला. "पोहता येते का, ते आधी इचारजो."