करवतीच्या टेबलाचं माप

बी.ए. झाल्यावर मी नोकरीचा एकही अर्ज केला नाही. वडील सुतारकाम करायचे. हातमागाचे सुटे भाग, दारं, खिडक्या. मला त्याच धंद्यात मशीन आणायचं होतं. आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर मी. त्याचा मला अभिमान होता, आजही आहे. वडिलांना तो माझ्याहून जास्त, आणि तीच अडचण. त्यांच्या मते पदवीधरानं ऑफिसात शोभावं.

तरी गोल करवतीचं मशीन बघायला ते सोलापूरभर माझ्याबरोबर हिंडले. पहिल्या दुकानातलं ओतीव लोखंडाचं, भक्कम. वडील म्हणाले, लई जड, हे ठेवल्यावर आपण निजायचं कुटं? दुसरीकडचं पत्र्याचं, हलकं. त्यावर त्यांनी नुसता हात टेकला तर ते डुगडुगलं.

"ह्ये मशीन हाय का पाळणा?"

दुकानदार हसला, मी नाही. तिसऱ्या दुकानात सगळं बेतशीर होतं, तर त्यांना रंग आवडला नाही. रंग म्हणे. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला.

चहाच्या हॉटेलात मी सरळच विचारलं, "अण्णा, मशीन पसंत न्हाय का मी?"

त्यांनी बशीतला चहा संपवला. मग म्हणाले, "खुर्चीत बसावं म्हणून तुला शिकवलं. आन तू भुशात उभा ऱ्हाणार."

"शिकलो म्हणून तर उभा ऱ्हाणार. न्हाईतर तुमच्यासारखा फळी पायात दाबून जमिनीवर बसलो असतो की."

बोलून गेलो आणि वाटलं, जरा जास्तच झालं. पण त्यांच्या मिशा हलल्या.

मग मीच तोड काढली. अख्खं मशीन घ्यायचंच नाही. मोटर, शाफ्ट, बेअरिंगं, पट्टा आणि पातं एवढंच विकत आणायचं, टेबल घरी लाकडाचं करायचं. ते कोण करणार, हे मुद्दाम बोललो नाही.

सामान आलं. वडील त्याला वळसा घालून जायचे. एका सकाळी अंगणातून रंध्याचा आवाज आला. बाहेर जाऊन बघतो तर टेबलाचे पाय तासून तयार, फक्त लांबी कापायची बाकी.

"चप्पल घाल आन सरळ उभा ऱ्हा," वडील म्हणाले. एक पाय माझ्या कमरेशी धरून त्यांनी पेन्सिलीनं खूण केली.

ते माझ्याहून बुटके. मी म्हटलं, जरा खाली घ्या, म्हणजे तुम्हालाही चालेल.

"मी बसूनच करणार. रोज तू उभा ऱ्हाणार, कंबर तुझी दुखणार."

आणि मी पुढं काही बोलायच्या आत त्यांनी खुणेवर करवत लावली.