तीन भाषांना मिळून एक बजेट

आमच्या डिपार्टमेंटमध्ये किस्से सिंकमधल्या चहाच्या मगांसारखे साठतात. विसळायला कुणी येत नाही!

मी मूळचा पुण्याचा, ऑस्ट्रेलियातल्या वॉलॉंगॉंगच्या एका युनीत, म्हणजे युनिव्हर्सिटीत, सॉफ्टवेअरवाला. पॅसिफिकमधल्या वानुआतूच्या एका बेटावरच्या तीन भाषा, सख्ख्या बहिणीच म्हणा, रेकॉर्ड करायचं आमचं काम. एक लीनाआंटी बोलायची, दुसरी जोएलअंकल. दोघंही मुलांपाठोपाठ इथे आलेले. तिसरीची बेटावरून आणलेली रेकॉर्डिंग्ज तेवढी.

*

डीन आले. तिन्ही भाषांत 'पाणी' कसं म्हणतात ते ऐकलं आणि खूशच झाले. "ऑलमोस्ट सेम! मग मर्ज करून टाका ना. बजेट तसंही एकाचंच आहे!"

जणू बँकेच्या शाखा!

*

आपोआप लिहून घेणारं सॉफ्टवेअर आलं. आंटी बराच वेळ बोलली, तिच्या आईच्या शेवटच्या आजाराबद्दल. मी बटण दाबलं. स्क्रीनवर दोनच शब्द : 'बॅकग्राउंड नॉइज'.

"काय लिहिलंय?" आंटीने विचारलं.

"नो वरीज आंटी, ते अजून शिकतंय."

"माझी नातवंडंही शिकतायत. जन्मल्यापासून!"

*

घरी हे सांगितलं तर माझी लेक म्हणाली, "बाबा, इज मराठी ऑल्सो वन ऑफ युवर डाइंग वन्स?"

मी भडकलो. मराठी किती कोटी लोक बोलतात, काय साहित्य आहे, सगळं अस्खलित मराठीत ऐकवलं.

तिने शांतपणे ऐकून घेतलं. "सॉरी बाबा, इन इंग्लिश?"

*

जोएलअंकल गेले. शोकसभेत प्रोफेसर गहिवरून म्हणाले, "त्यांची भाषा आपल्या सर्व्हरवर कायम सुरक्षित आहे."

टाळ्या! शोकसभेत!

आंटी माझ्या शेजारी बसली होती. हळूच म्हणाली, "बरं झालं. मग आता माझ्याशी कोण बोलणार, सर्व्हर?"

*

नंतर एका दुपारी आंटी लॅबमध्ये आली. "जोएलला लाव."

त्या दोघांच्या गप्पा मी वेगवेगळ्या माइकवर घेतल्या होत्या. मी फक्त अंकलचा आवाज लावला. ते त्यांच्या भाषेत बोलत, मधल्या शांततेत आंटी तिच्या भाषेत उत्तर देई. दोघं नेहमी असंच बोलायचे. एका वाक्याला ती इतकी हसली की डोळे पुसावे लागले.

"काय म्हणाले?"

"इंग्लिशमध्ये नाही सांगता येणार."

"मग तुझ्या भाषेत सांग. रेकॉर्ड करतो."

मी माइक पुढे केला. तिने तोंड उघडलं, मिटलं.

"माझ्या भाषेत त्यात हसण्यासारखं काहीच नाही," ती म्हणाली. "पुन्हा लाव."