गवत निसवायच्या आधी

आमचं बोलणं चालू असतानाच आबा खाली वाकायचे, गवताची एक काडी उपटायचे, तिचा शेंडा चिमटीत धरून हळूच ओढायचे आणि चिमूट उघडून माझ्यापुढे धरायचे. चिमटीत काहीच नसायचं.

"बघा ताई. अजून निसवलं न्हाई."

निसवणं म्हणजे कणीस बाहेर पडणं, हे मला त्यांच्याकडून कळलं. भोरमध्ये वाढलेल्या माझ्यासारखीला गवत म्हणजे गवत. त्याला कणीस येतं, ते भरतं, मग देठ पिवळा पडतो, याच्याशी माझं कधी काम पडलं नव्हतं. पुढे पुढे असं झालं की ते वाकले की माझं डोकं तापायचं.

मी तेव्हा पासलीच्या अलीकडे, डोंगराच्या उतारावर असलेल्या एका कॅम्पची व्यवस्था बघत होते. मालक पुण्याचे. तंबू, शेकोटी, झुणका-भाकरी हे सगळीकडे असतं तसं आमच्याकडेही होतं. मालकांना काहीतरी वेगळं हवं होतं. ते परदेशात कुठंतरी डिस्क गोल्फ खेळून आले होते. खेळ तसा साधा आहे. ताटलीएवढी प्लास्टिकची चकती असते. लांबवर लोखंडी खांबाला एक टोपली असते आणि टोपलीवर साखळ्या लोंबत असतात. चकती साखळ्यांवर आपटून टोपलीत पडायला हवी. नाही पडली तर जिथं पडली तिथून पुन्हा फेकायची. ज्याला कमी फेकी लागतील तो जिंकला.

उन्हाळ्यात आम्ही उतारावर नऊ टोपल्या रोवल्या आणि फाटकाशी पाटी लावली, 'नवशिक्यांसाठी सोपा कोर्स'. मे महिन्यात त्या उतारावर हिरवं पातं नव्हतं, त्यामुळे कोर्स खरोखरच सोपा दिसत होता.

त्याच महिन्यात आबा आले. शेजारच्या वाडीतले, सत्तरीला टेकलेले, खाकी अर्धी चड्डी आणि वर पूर्ण बाह्यांचा शर्ट. वाडीत सगळे त्यांना आबा म्हणत, मीही म्हणू लागले.

"ताई, हितलं गवत दर साली मी कापतो. पयल्या मालकाला चालत हुतं. तुमाला चालंल का?"

"किती घेणार कापायचे?"

"घ्यायचं काय त्यात? गवत न्हेणार की."

मला देव पावल्यासारखं झालं. मालकांना फोन करून मी शाबासकीसुद्धा मिळवली. तुम्हीही हा सौदा केला असता. कोण कापणार ते ठरलं, गवत कुणाचं ते ठरलं. कधी कापायचं हे विचारायचं मला सुचलं नाही, आणि सांगण्यासारखं त्यात काही आहे असं त्यांना वाटलं नाही.

गणपती झाले, पाऊस उघडला आणि पुण्याहून पहिला गट आला. एका ऑफिसातली बारा माणसं. तोवर गवत कमरेला लागलं होतं. एका मुलीनं पहिली चकती फेकली. ती सुरेख गेली, थोडी डावीकडे वळली आणि दिसेनाशी झाली. मग बारा माणसं अर्धा तास वाकून गवत चाचपत होती. खेळायला आलेत की खुरपायला, असं कुणालाही वाटलं असतं.

आबा वरच्या बांधावर बसून बघत होते. शेवटी त्यांनी हात केला.

"डावीकडं सरका. आजून दोन पावलं. आता पायाखाली बघा."

चकती तिथंच होती. ती पडताना गवत कुठं हललं ते त्यांनी बघून ठेवलं होतं. त्या दिवसापासून ते प्रत्येक गटाबरोबर फिरू लागले. लोकांना ते फार आवडायचे. अभिप्रायाच्या वहीत सगळे त्यांच्याबद्दल लिहायचे, आजोबांमुळे मजा आली, आजोबांना खूप प्रेम. मला ती वही वाचवत नव्हती. ज्या माणसामुळे चकत्या हरवत होत्या त्याचंच शोधून दिल्याबद्दल कौतुक चाललं होतं.

गवत आत्ताच कापा म्हणून मी विनवण्या केल्या, चिडले, पुन्हा विनवण्या केल्या; ते काडी ओढून दाखवायचे. निदान टोपल्यांभोवती तरी कापा म्हटलं. त्यांनी मान डोलावली आणि प्रत्येक टोपलीभोवती खळ्याएवढं गोल कापून दिलं. एका टोपलीकडून दुसरीकडे जायला फूटभर रुंदीची वाटही काढली.

"आता ताटली या वाटंनं टाका."

"आबा, चकती वाटेनं जात नाही."

"नवीन हाईत ना. शिकतील."

हे ते गंभीरपणे म्हणाले. थट्टा करत असते तर मला भांडता तरी आलं असतं.

एकदा मी वैतागून त्यांच्याच हातात चकती दिली. म्हटलं, तुम्ही खेळून दाखवा. त्यांनी ती उलटसुलट बघितली, शर्टाला पुसली आणि दहा पावलांवर टाकली. चालत गेले, उचलली, पुन्हा दहा पावलांवर टाकली. एकेका टोपलीला त्यांना आठ-आठ, नऊ-नऊ फेकी लागल्या. नऊही टोपल्या त्यांनी अशाच केल्या. चकती एकदाही हरवली नाही. त्यांच्यामागून येणारे एक काका-काकू मग तसंच खेळू लागले आणि त्यांचा खेळही पहिल्यांदाच पुरा झाला. आमच्या पाटीवर लिहिलेला सोपा कोर्स तो हाच असावा, असं मला क्षणभर वाटून गेलं. पण मालकांना फोटो हवे होते, आणि कमरेएवढ्या गवतात उभ्या माणसांचे फोटो त्यांना नको होते.

आबांचं गाडं बैलांपाशी अडलं होतं, हे त्यांनी माझ्यापासून लपवून ठेवलं नव्हतं. त्यांच्याकडे बैलांची एक जोडी होती. वाडीत बाकी सगळ्यांची भातखाचरातली चिखलणी आता टिलरच्या यंत्रानं व्हायची, हे एकटे बैलांनी करायचे. "भाताचा पेंढा शिमग्यापातूर पुरतो," ते सांगायचे. "फुडं पाऊस लागंस्तवर ह्योच उतार हाय. हिरवं कापलं तर वाळून निम्मं हुतं, कस बी ऱ्हात न्हाई त्यात." बैलांचं सगळं माझ्या गवतावर होतं, आणि मला ते माहीत होतं.

ऑक्टोबरात मालकांनी नवशिक्यांची स्पर्धा जाहीर केली. पुण्याहून चाळीसेक जण येणार होते. फोनवर त्यांचा आवाज नेहमीसारखाच गोड होता. "गवत निघालं नाही तर तो कोर्स ठेवून काय करायचं, आणि मग तुमचंही बघावं लागेल," एवढंच म्हणाले. घरी मुलीची फी होती, नवऱ्याचं काम तेव्हा धड नव्हतं. ही नोकरी गेली तर भोरमध्ये माझ्यासाठी दुसरी कुणी राखून ठेवली नव्हती.

मी संध्याकाळी आबांच्या घरी गेले. ते गोठ्यात होते.

"आबा, आता स्पष्टच विचारते. तुमचे बैल राहायचे की माझी नोकरी?"

त्यांनी एका बैलाच्या मानेवरची गोचीड काढली, दगडावर चिरडली.

"दोनी ऱ्हातील की. पंधरा दिस थांबा. दिवाळीच्या तोंडाला काडी पिवळी पडंल, मग दोन दिसांत समदं मोकळं करून देतो."

स्पर्धा दहा दिवसांवर होती. मी पाय आपटत परत आले. असल्या हटवादी म्हाताऱ्यापुढं किती डोकं फोडायचं, असं मी वाटभर स्वतःशी बोलत होते. त्यांनी मला सरळ नाही म्हटलं असतं तर बरं झालं असतं.

त्याच आठवड्यात ते लेकीकडं किकवीला गेले. नातवाचं जावळ होतं, दोन दिवस तिकडंच राहणार होते. जाताना मला सांगून गेले, कुठला गट आला तर त्यांना खालच्या चार टोपल्याच खेळू द्या, वर गवत दाट आहे. मी बरं म्हटलं. ते एसटीत बसल्याचं कळलं आणि मी नसरापूरला फोन लावला. दुसऱ्या दिवशी सकाळी पेट्रोलवर चालणारी गवत कापायची यंत्रं घेऊन दोन माणसं आली. मी मुद्दाम तेच दोन दिवस साधले. आता लपवून काय करायचं.

संध्याकाळपर्यंत उतार लख्ख झाला. यंत्राच्या फिरत्या दोरीनं गवताचा भुगा झाला होता. त्याची पेंढी बांधली जात नाही, हे मला त्या माणसांनी सांगितलं. मी म्हटलं, ओढ्यात लोटा.

आबा तिसऱ्या दिवशी आले. फाटकाशी थांबले. मग आत आले, कुंपणाला अडकून राहिलेला थोडा भुगा उचलला, हातावर घेतला.

"मिशिननं व्हय?"

"हो. स्पर्धा आहे ना आबा. तुम्हाला कितीदा सांगितलं मी."

"सांगितलं. खोटं न्हाई." त्यांनी हात झटकला. "पर ताई, कापायचंच हाय आसं म्हणाला आसता, तर म्या हिरवं बी कापलं आसतं. इळ्यानं. निम्मं तरी हाती आलं आसतं."

मला एवढी चीड आली की काय सांगू. महिना-दीड महिना ह्या माणसानं मला काड्या ओढून दाखवल्या, आणि आता हे सांगत होता. पण त्यांच्या दारात उभं राहून मी नोकरी आणि बैल असला प्रश्न टाकला होता. परवा गवत कापलं जाणार आहे, तुम्ही काय करता, एवढं साधं वाक्य मी बोलले नव्हते. बहुतेक मला त्यांना हरवायचंच होतं.

स्पर्धा छान झाली. हे मला कबूल करायला आवडत नाही, पण झाली. चकत्या जिथं पडल्या तिथं लांबून दिसत होत्या, कुणाची एकही हरवली नाही. आबा आले होते. येतो म्हणून आधी सांगितलं होतं म्हणून आले. वरच्या बांधावर बसून राहिले. दिवसभरात त्यांना कुणी काही विचारलं नाही, कारण विचारण्यासारखं कुणाला काही उरलं नव्हतं. चारच्या सुमारास मी चहा घेऊन वर गेले तेव्हा ते निघून गेले होते. मालकांनी त्या संध्याकाळी मला फुलांच्या गुच्छाचं चित्र पाठवलं.

त्यानंतर ते कॅम्पवर आले नाहीत. मीही वाडीत गेले नाही. सुट्टीत घरी जाताना त्यांचं घर वाटेवरून दिसायचं, तेव्हा मी स्कूटी जरा जोरात काढायचे.

उन्हाळा चढला तसं मला राहवेना. रोज सकाळी उठलं की पेंढा शिमग्यापर्यंत पुरतो हे मनात यायचं, आणि शिमगा होऊन महिना उलटला होता. शेवटी मी किकवीकडच्या एका शेतकऱ्याकडून ज्वारीचा कडबा घेतला, टेम्पो भरला आणि ड्रायव्हरशेजारी बसून वाडीवर गेले. काय बोलायचं ते वाटेत जुळवत होते. माफी मागायची होती, पण कडबा आधी उतरवायचा आणि माफी मग मागायची, असं ठरवलं होतं.

त्यांची सून अंगणात तांदूळ निवडत होती. मला बघून उठली, पाणी आणलं.

"मामा न्हाईत. किकवीला ऱ्हात्यात आता, वन्संकडं. हितं त्यांना करमत न्हाई."

"आणि बैल?"

"दिलं की. शिमग्याच्या आदीच."

"आधीच? पेंढा तर होता ना तोवर?"

"हुता. मामाच म्हणलं, चांगली दिसत्यात तवर द्यावी. हाडं वर आल्याव चांगल्या घरी कोण न्हेणार." तिनं सूप खाली ठेवलं. "द्यायच्या दिवशी समदा उरल्याला पेंढा त्यांच्याच फुडं टाकला."

गोठा झाडून ठेवलेला होता. दावी गुंडाळून खुंटीला अडकवली होती.

टेम्पोचा ड्रायव्हर मागची फळी खोलून उभा होता. त्यानं एकदा माझ्याकडं बघितलं, एकदा गोठ्याकडं.

"ताई, कुठं उतरवू?" त्यानं विचारलं.