हवालदार रस्ता ओलांडतात

कोंडाजी गांगुर्डे यांनी मला पहिल्यांदा थांबवलं, तेव्हा माझ्याबरोबर निम्मं नाशिक थांबलं होतं. एकोणीसशे एकाहत्तरचा मार्च महिना, दुपारची वेळ आणि रविवार कारंजा. माझ्या एका बाजूला द्राक्षांच्या पेट्यांनी भरलेला ट्रक, दुसऱ्या बाजूला टांगा, मागे एस.टी., समोरून एक वरात आणि आडव्या गल्लीतून एक अंत्ययात्रा. चौकाच्या मधोमध उभ्या असलेल्या हवालदारांनी उजवा पंजा वर केला. ट्रक थांबला. बँडवाल्याने क्लॅरिनेटमध्ये भरलेली फुंक तशीच गालात ठेवली. नवरदेवाच्या घोड्याने उचललेला पाय खाली टेकवला नाही. तिरडीवरच्या म्हातारबुवांनी काय भानगड आहे म्हणून मान वर करून पाहिलं, असं शपथेवर सांगणारे दोन जण मला पुढे भेटले. गोदावरी तेवढी वाहत राहिली, पण ती कारंज्यावरून जात नाही म्हणून.

न थांबलेला मी एकटाच. माझ्या सायकलला ब्रेक होते, पण ते असल्याची आठवण मला जरा उशिराने झाली आणि मी हवालदारांच्या पोटावर जाऊन विसावलो. पोट भक्कम होतं. सायकलचंच हँडल वाकडं झालं.

"कुठं ध्यान हाय?" त्यांनी विचारलं. पंजा अजून वरच होता आणि निम्मं नाशिक अजून उभंच होतं.

"जरा विचारात होतो."

"काय काम करता?"

"शाळेत शिकवतो."

"मास्तर, इचार घरी करायचा. हितं फक्त माझ्या हाताकडं बघायचं."

दुसऱ्या वर्षी मी त्यांच्याच कॉलनीत राहायला गेलो आणि पुढची पंधरा वर्षं तो हात जवळून पाहिला. कोंडाजी मूळचे सायखेड्याचे. अंगाने आडवे, मिशी बेताची, आवाज चारचौघांसारखा. त्यांच्यात जे काही होतं ते त्या उजव्या हातात. हा हात घरीही स्वस्थ बसत नसे. जेवताना पोळी नको असली की तो वर जाई. पाहुणे जास्त बोलू लागले की वर जाई. एकदा कॉलनीतल्या बुद्धवंदनेच्या वेळी मागून पोरं गलका करत आली, तर डोळे मिटलेले असतानाही तो वर गेला आणि पोरं थांबली. न थांबणारी व्यक्ती त्या घरात एकच होती. यशोदाबाई. त्या पोळी वाढायच्याच.

"सगळं नाशिक थांबतंय आन् तू थांबत नाय," कोंडाजी म्हणायचे.

"नाशिकला सैपाक करायचा नसतो," यशोदाबाई म्हणायच्या.

रस्ता कसा ओलांडावा याचं कोंडाजींचं एक शास्त्र होतं आणि ते कॉलनीतल्या प्रत्येकाला, विचारो न विचारो, ऐकावं लागे. मी ते इतक्यांदा ऐकलं आहे की झोपेतही म्हणून दाखवीन. "हात पुढं काढायचा आन् चालू लागायचं. पळायचं नाय. पळणारा माणूस कुठं जाईल ते ड्रायव्हरला कळत नाय. मधीच मागं फिरायचं नाय. आन् सगळ्यात मोठी गोष्ट म्हंजे ड्रायव्हरच्या डोळ्यात बघायचं नाय."

"का बरं?" मी पहिल्यांदा विचारलं होतं.

"त्यानं बघितलं की आपण त्याला बघितलंय, मग तो कशाला थांबतो? तो म्हणतो, ह्याला गाडी दिसली, हा होईल बाजूला. आपण आंधळ्यावानी चालत राह्यलो की झक मारत थांबतो."

हसू नका. या शास्त्रावर नाशिककरांच्या तीन पिढ्या जिवंत राहिल्या आहेत. मी स्वतः त्यातलाच एक.

त्र्याऐंशी साली कोंडाजी निवृत्त झाले. त्यांची थोरली मुलगी मंगल नर्स होती आणि लग्नानंतर अमेरिकेत शिकागोजवळच्या एका गावी राहत होती. चौऱ्याऐंशीच्या उन्हाळ्यात तिचं पत्र आलं. तिची हॉस्पिटलात सकाळची पाळी, जावईबापू त्याआधीच कारखान्यात जाणार, आणि सहा वर्षांच्या गौतमीला शाळेत नेणारी शेजारीण घर बदलून गेलेली. शाळा पायी दहा मिनिटांवर, पण वाटेत एक मोठा रस्ता. आई-बाबा, तुम्ही सहा महिने या आणि गौतमीला तेवढं सोडा-आणा.

कोंडाजींनी हे पत्र मला स्वतः वाचून दाखवलं आणि "वाटेत एक मोठा रस्ता" या वाक्यावर थांबून माझ्याकडे पाहिलं. सिंहस्थात ज्याने हत्ती आणि साधू एका ओळीत लावले, त्याला सातासमुद्रापलीकडून रस्त्यासाठी बोलावणं यावं. त्या दिवशी त्यांची छाती पेन्शनीतल्या माणसाची वाटत नव्हती. गौतमी त्यांनी आजवर फक्त फोटोत पाहिली होती. "पोरगी माझं बोट धरून शाळेत जाईल," ते म्हणाले आणि ते बोट त्यांनी मला दाखवलं. उजव्याच हाताचं होतं.

पुढची हकीकत मला त्यांच्या पत्रांतून कळली. कोंडाजींनी आयुष्यभर पंचनामेच लिहिले होते, त्यामुळे पत्रही तसंच येई. "मी कोंडाजी, वय वर्षे एकोणसाठ, धंदा पेन्शन, समक्ष हजर राहून लिहून देतो की," अशी सुरुवात आणि शेवटी साक्षीदार म्हणून यशोदाबाईंची सही.

पहिल्याच पत्रात घटना होती. अमेरिकेत पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी कोंडाजी एकटेच त्या मोठ्या रस्त्याची पाहणी करायला गेले. काठावर उभं राहून त्यांनी उजवीकडे पाहिलं. आपल्याकडे गाडी आधी उजवीकडूनच अंगावर येते. उजवीकडे रस्ता मोकळा होता. कोंडाजींनी हात पुढे काढला आणि पाऊल टाकलं.

तिकडे गाड्या रस्त्याच्या उजव्या अंगाने चालतात. म्हणजे आपल्या जवळची गाडी डावीकडून येते. ती आली. तिचा बंपर कोंडाजींच्या धोतराला लागून थांबला. धोतराला लागला की गुडघ्याला, याबद्दल पंचनामा करणारे आणि साक्षीदार यांच्यात पुढे मतभेद झाले.

एखादा घाबरून मागे पळाला असता. कोंडाजींना मात्र आपण रस्त्याच्या मधोमध उभे आहोत आणि समोर बेशिस्त आहे एवढंच दिसलं. त्यांनी त्या ड्रायव्हरला सायखेड्याच्या भाषेत समज दिली. मग दुसऱ्या बाजूच्या गाड्या थांबवल्या. मग एका बाजूच्या सोडल्या. तीस वर्षांची सवय, हात आपोआप चालू लागला. आणि सगळ्यात नवल म्हणजे लोक ऐकू लागले. धोतर, काळा कोट आणि डोक्यावर पांढरी टोपी, एवढा अधिकार त्यांनी कधी कोणाच्या अंगावर पाहिला नसावा. पत्रात लिहिलं होतं, "सुमारे सहा मिनिटे वाहतूक सुरळीत होती."

सातव्या मिनिटाला तिथला पोलीस आला. कोंडाजींनी त्याला कडक सलाम ठोकला. त्यानेही, माणूस चांगला असावा, सलाम केला, आणि नंतर त्यांना आपल्या गाडीत घालून घरी आणलं.

पाळीला निघालेली मंगल हॉस्पिटलच्या कपड्यांत दारातच उभी होती.

"बाबा, गाडी लागली असती तर?"

"लागली नाय ना."

"आणि बोटाला गौतमी असती तर?"

यावर पंचनाम्यात काही नोंद नाही. मंगलने सांगून टाकलं की गौतमीला शाळेत आई नेईल, बाबांनी तो रस्ता ओलांडायचा नाही.

दुसऱ्या दिवसापासून यशोदाबाई, नऊवारीवर स्वेटर आणि पायात जावयाचे बूट, अशा थाटात नातीला घेऊन निघाल्या आणि पहिल्याच फेरीत बिनबोभाट पलीकडे गेल्या. त्यांनी काय केलं? काही नाही. तिथे उभ्या असलेल्या एका बाईने खांबावरचं बटण दाबलं, म्हणून यांनीही दाबलं. ती थांबली, म्हणून थांबल्या. ती चालली, म्हणून चालल्या. संसारात शेजारणीकडे बघून शिकायचं, हे त्यांचं शास्त्र अमेरिकेतही जसंच्या तसं चाललं.

कोंडाजी खिडकीत उभे राहत आणि दोघी कोपऱ्यावर दिसेनाशा होईपर्यंत बघत. दुसरं पत्र फार छोटं होतं. "हवा थंड आहे. माझा इथे उपयोग नाही." साक्षीदाराची सही होती, आणि सहीखाली यशोदाबाईंनी त्यांच्या मोठ्या अक्षरात लिहिलं होतं: भाऊ, हे दोन दिवस जेवले नाहीत.

शेवटी शिकवणी गौतमीनेच सुरू केली. घरातल्या बोळात सतरंजी अंथरायची, तो रस्ता. ती एका टोकाला उभी.

"आबा, आधी डावीकडे बघ."

कोंडाजी उजवीकडे बघत.

"ती डावी नाही आबा."

"माझी मान तिकडं वळतच नाय बाई."

मग डावीकडे, उजवीकडे, पुन्हा डावीकडे. समोरच्या खांबावर दिव्यांची पाटी असते, तिच्यावर 'चाला' अशी पांढरी अक्षरं लागली की निघायचं. 'चालू नका' अशी नारंगी अक्षरं उघडझाप करू लागली तर नव्याने निघायचं नाही, पण मध्ये असलो तर पुढेच जायचं. "मधीच मागं फिरायचं नाय," कोंडाजी खुश होऊन म्हणाले. आपल्या शास्त्रातलं एक कलम तरी तिकडे मंजूर आहे, याचा त्यांना मोठा आधार वाटला. पण पुढचं कलम ऐकून ते सतरंजीवरच बसले. पांढरी अक्षरं असली तरी मागून वळणारी गाडी येऊ शकते, म्हणून मान मागे वळवायची आणि ड्रायव्हरच्या डोळ्यात बघायचं. त्याने आपल्याला पाहिलं याची खात्री झाली की मगच पाय उचलायचा.

"डोळ्यात बघितलं तर तो थांबंल कशाला?"

"बघितलं म्हणून थांबतो," गौतमी म्हणाली.

"लय उलटा देश हाय," कोंडाजी म्हणाले.

आणि तो हात. सतरंजीवर पाय ठेवला की हात वर. खिशात घातला तर कोटाच्या खिशासकट वर. हात वर गेला की माणूस बघायचं विसरतो, त्याला वाटतं आता सगळं थांबणारच, हे यशोदाबाईंनी ओळखलं. त्या म्हणाल्या, "अहो, त्याला काही काम द्या. रिकामा आहे म्हणून वळवळतो." त्यांनी डाव्या हातात गौतमीचं दप्तर दिलं. उजव्या हाताचं बोट गौतमीने धरलं. हात जागेवर राहिला.

रविवारी मंगलने परीक्षा घेतली. खऱ्या रस्त्यावर, मंगल या काठाला, यशोदाबाई त्या काठाला, गौतमी बोटाला. कोंडाजींनी बटण दाबलं, डावीकडे पाहिलं, पांढरी अक्षरं लागली. मान मागे वळवली तर पाव वाहून नेणारी एक गाडी वळत होती. कोंडाजींनी, आयुष्यात प्रथमच, ड्रायव्हरच्या डोळ्यात पाहिलं. ड्रायव्हर थांबला, हसला आणि त्याने हात हलवून त्यांना 'जा' म्हटलं.

कोंडाजी जागीच खिळले. तीस वर्षं त्यांनी लोकांना हात दाखवला होता, त्यांना कोणी दाखवला नव्हता. ते बघतच राहिले आणि नारंगी अक्षरं लागली.

"नापास," गौतमी म्हणाली.

"अहो, तुम्हाला पलीकडे जायचंय का त्याच्या घरी?" यशोदाबाई पलीकडून म्हणाल्या.

पुढच्या रविवारी ते पाच वेळा गेले आणि पाच वेळा आले. पाचव्या वेळी मंगलने दप्तर त्यांच्याकडून परत घेतलं नाही, सोमवारसाठी त्यांच्याकडेच राहू दिलं. सोमवारी सकाळी सव्वासात वाजल्यापासून ते दारात उभे होते. शाळा साडेआठची.

त्यानंतरचं पत्र चार पानी होतं. रोज काय काय दिसतं, कोणता ड्रायव्हर ओळखीचं हसतो, गौतमी वाटेत कोणतं झाड मोजते आणि तिला पंचनामा कसा लिहायचा हे ते कसं शिकवतात, सगळं होतं. शेवटी "एकंदर परिस्थिती समाधानकारक" असा शेरा. मी ते पत्र शाळेच्या शिक्षकखोलीत वाचून दाखवलं.

कोंडाजींनी गौतमीला अकरा दिवस शाळेत सोडलं. बाराव्या दिवशी शाळेने त्या भागातल्या मुलांसाठी बस सुरू केली. ती मंगलच्या दारासमोरच थांबत असे.