मागे जागा नसलेल्या देशाची विमानं

पडदा वर! बुवापाड्यातलं बुद्धविहार, समोर पाणी मारून दाबलेलं अंगण, वर निळ्या पताका. साल १९९४, जयंतीचा पंधरवडा, संध्याकाळचे पाच. मोरिवलीच्या कारखान्यांतून सुटलेली माणसं हातातल्या डब्यांसकट येऊन बसलेली. माईकवर मी, कारण कलापथकात तीस वर्षं घसा तापवलेला माणूस वस्तीत दुसरा नव्हता.

आणि डावीकडून प्रवेश करते अंजना! काडेपेटीच्या कारखान्यात पॅकिंगला, वय तेहतीस, शिक्षण सातवी. लग्नाआधी कुळगावच्या मुलींच्या कबड्डी संघात उजव्या कोपऱ्यात उभी राहायची. तिच्या हातात सापडलेला पाय सुटल्याचं कुणी पाहिलं नव्हतं.

आमच्या वादविवादाला करंडक नसे. जिंकणारा सांगेल ती पुस्तकं त्या वर्षी विहाराच्या वाचनालयात यायची. अंजना आणि पॅकिंगमधल्या पाच जणी बाहेरून दहावीला बसणार होत्या. फॉर्म भरून झाले होते, पण सहा जणींत मिळून एक पुस्तक नव्हतं. उलट तिचा दीर मधू, कॉलेजचा वक्ता, आठवडाभर सांगत फिरत होता, "आपण जिंकलो ना, रहस्यकथा! पुऱ्या शंभर!"

विषय परीक्षक हरिचंद्र गुरुजींनी दिलेला: लहान देशाने आधुनिक लढाऊ विमानं घ्यावीत काय? आदल्या वर्षी स्वित्झर्लंडमध्ये यावर लोकांचं मतदान झालं होतं, ते कात्रण त्यांनी जपून ठेवलेलं. बाजू मात्र स्टेजवर चिठ्ठी उचलून ठरायची. इथेच बाई चुकली. आपल्या वस्तीतला माणूस "नको" सोडून काय बोलणार, असं धरून तिनं बारा दिवस फक्त नळ, दवाखाना आणि शाळा एवढंच पाठ केलं.

चिठ्ठी उघडली. "घ्यावीत."

तिचा चेहरा असा उतरला, की मला वाटलं आता विंगेत पळते. मधू तिचंच भाषण बोलला हो! नळ, दवाखाना, शाळा. टाळ्याच टाळ्या. खाली उतरताना म्हणाला, "वैनी, टेन्शन नको. रहस्यकथा तुलापण वाचायला देईन."

अंजना माईकपाशी आली. समोरून राजाबाई, तिची पॅकिंगमधली जोडीदारीण, ओरडली, "अगं बोल की! फॉर्म भरलेत आपण!"

एकदम ती स्टेजवरून खाली उडी मारून आली. रांगोळीचा डबा उचलला आणि अंगणात सर्र रेघ ओढली.

"ही मध्यरेषा. राजाबाई, पलीकडे उभी राहा. मागची रेषा लांब, पार पिंपळाजवळ. भावजी, या चढाईला!"

"मी? वैनी, हे भाषण आहे!"

"घाबरलात काय?"

वस्ती खदखदली. मधू कबड्डी-कबड्डी करत घुसला. राजाबाई मागे, मागे, आणखी मागे. मधूचा दम तुटला, बाद!

"हा मोठा देश," अंजना म्हणाली. "शत्रू आत आला, तरी मागे सरकायला जागा आहे." मग तिनं राजाबाईला मध्यरेषेजवळ आणून तिच्या मागे दोन पावलांवर दुसरी रेघ मारली. "हा लहान देश. या परत."

मधू घुसला. राजाबाई सवयीनं मागे सरकली आणि पाय रेषेबाहेर. बाद!

अंजनानं राजाबाईला बाजूला केलं आणि दोन रेघांच्या मध्ये स्वतः उभी राहिली.

"आता मी."

मधूनं मध्यरेषा ओलांडली न ओलांडली, तोच अंजनाच्या हातात त्याचा घोटा! पठ्ठ्या धुळीत आडवा.

"लहान देशाला रेषेवरच पकडावं लागतं, गुरुजी. विमान पाच मिनिटांत देश ओलांडून जातं. विचार करायला वेळ कुठाय?"

गुरुजी पुढे झुकले. "मग जुनं, स्वस्त विमान घ्या की."

"सातातले दोघेच उरले, तर त्यातला एक लंगडा चालेल काय? मोठ्यांची दहा पडली तरी नव्वद उरतात. लहानाकडे उडवणारेच मूठभर. त्यांच्या हातात चांगलंच पायजे. आणि एकदा नाव झालं ना, की समोरचा आत येतच नाही. कुळगावला माझ्या कोपऱ्यात कुणी येत नव्हतं. अख्खी मॅच नुसती उभी राहून जिंकलेय मी."

शिट्ट्या, टाळ्या, डब्यांवर चमचे! रंगभूमीवर इतकी वर्षं काढली, पण असा गजर माझ्या वाट्याला कधी आला नाही. धूळ झटकत पहिली टाळी कुणी दिली? मधूनं. "मानलं वैनी, मानलं!"

गुरुजींनी निकाल द्यायला उभं राहायचीही गरज नव्हती. त्यांनी फक्त वही उघडली आणि विचारलं, "बोला अंजनाबाई, कुठली पुस्तकं?"

राजाबाईनं तिचा दंड घट्ट धरला होता. अंजनाला धाप लागलेली, केसांत रांगोळी.

"दहावीची, सहा संच," ती म्हणाली. "आणि विमानाचं एक, चित्रांचं. एवढी बोलले खरी, पण ते वर राहतं कसं, ते मला अजून ठाऊक नाय."